संशयास्पद उजेड

फोटो खरा की रचलेला, हे मला तीन सेकंदांत कळतं. ही बढाई नाही, नोकरी आहे. विमा कंपनीच्या क्लेम तपासणी खात्यात बसून मी एकोणतीस वर्षं लोकांच्या फुटलेल्या, जळलेल्या, भिजलेल्या आणि चोरीला गेलेल्या वस्तूंचे फोटो बघत आलोय. हो, चोरीला गेलेल्या वस्तूंचेसुद्धा. लोक रिकाम्या जागेचा फोटो पाठवतात, आणि तिथल्या धुळीवरून वस्तू तिथे मुळात होती की नव्हती, हे मी चहा संपायच्या आत सांगतो.

खात्यात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी चार गोष्टी पाठ करायला लावतो. फोटोत उजेड फार सुंदर पडला असेल तर फाइल बाजूला काढायची, कारण अपघात काही उजेड बघून होत नाही. खऱ्या अपघाताच्या फोटोत एक तरी मूर्ख वस्तू असते, बादली, एकटी चप्पल, नाहीतर कोणाचा तरी अंगठा. रचणारा माणूस मात्र चौकट आधी आवरून घेतो. फोटोत माणूस असेल तर तो कुठे बघतोय ते तपासायचं, कारण रचणाऱ्याची नजर सामानावरून हलत नाही. आणि शेवटची गोष्ट म्हणजे या जगात आपोआप काहीही पडत नाही. फॉर्मच्या नवव्या रकान्यात, म्हणजे ‘नुकसान कशामुळे झाले’ या रकान्यात, ज्याने ‘आपोआप’ असं लिहिलं त्याच्या घरी माणूस पाठवायचाच पाठवायचा.

अशा माणसाच्या मुलीने फोटोग्राफर व्हावं, इथपर्यंत ठीक होतं. लग्नाचे काढते, पासपोर्टचे काढते, असं मी चारचौघांत सांगितलं असतं. पण माझी लेक तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या चित्रकारांची चित्रं समोर ठेवते, तसंच टेबल मांडते, तसाच उजेड पाडते आणि त्याचा फोटो काढते. थोडक्यात, ज्या कामासाठी मी लोकांना पकडतो तेच काम ती दिवसाढवळ्या करते आणि वर त्याखाली सहीही करते.

तिच्या पहिल्या प्रदर्शनाला दहा दिवस राहिले होते. सात फोटो तयार होते. सगळ्यात मोठा, कलादालनाच्या दारासमोरच्या भिंतीवर लागणारा आठवा बाकी होता. एका सकाळी मी दाढी करत असताना ती मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “बाबा, आपल्या हॉलमध्ये डावीकडून उजेड येतो.”

“उजेड सगळ्यांच्याच घरी येतो,” मी सावधपणे म्हणालो.

“तसा नाही. सव्वाआठ ते नऊ. मऊ असतो.”

मी त्या घरात सव्वीस वर्षं राहतोय. उजेड मऊ असतो ही बातमी मला नवी होती. मला ताबडतोब संशय आला की लेकीला हॉल पाहिजे आहे. तो खरा ठरला. माझे संशय बहुतेक वेळा खरे ठरतात, आणि त्याचा मला आजवर काडीचाही उपयोग झालेला नाही.

तिने मला मूळ चित्र दाखवलं. पाहुणे नुकतेच उठून गेलेत असं टेबल. अर्धं सोललेलं लिंबू, त्याची साल टेबलाच्या कडेवरून खाली लोंबतेय. आडवा पडलेला काचेचा पेला. पाव, द्राक्षं, बशीत एक अख्खा मासा. मधोमध चांदीचं मोठ्या पोटाचं भांडं. मागे सगळा काळोख.

“पेला कोणी पाडला?” मी विचारलं.

“कोणी नाही, बाबा. त्याचा अर्थ असा की वेळ संपत आली.”

“आणि लिंबू अर्धंच का सोललंय?”

“वरून सुंदर, आतून आंबट. आयुष्य तसं असतं ना.”

एवढं सांगायला लिंबू कशाला नासायचं, असं हिला, म्हणजे माझ्या बायकोला वाटलं आणि तिने ते बोलूनही दाखवलं. मला वेगळंच वाटलं. पेला पडलाय, पण टेबलक्लॉथवर डाग नाही. अशी फाइल माझ्यासमोर आली असती तर मी परत पाठवली असती.

पाव, द्राक्षं आणि लिंबू सहज मिळाले. मासा हिने नाक मुठीत धरून आणला. अडलं ते चांदीच्या भांड्यावर. आमच्याकडे चांदीचं म्हणून जे काही आहे ते चमच्याएवढं आहे. तेव्हा लेकीला आठवलं की आमच्या सोसायटीच्या कॅरम स्पर्धेचा फिरता करंडक आहे. चांगला ढेरपोट्या, एका बाजूला कान, चांदीचा मुलामा दिलेला. स्पर्धा अकरा वर्षं झालेली नाही, त्यामुळे हा फिरता करंडक अकरा वर्षं सोसायटीच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात एका जागी बसून आहे.

मी सेक्रेटरींकडे गेलो. आमचे सेक्रेटरी तळमजल्यावर राहतात आणि जिन्यावरून कोण किती पिशव्या घेऊन वर गेलं हे त्यांना नेहमी ठाऊक असतं.

“करंडक? कशाला?”

“फोटो काढायचाय.”

“मग इथेच काढा. कपाट उघडतो, लांबूनच काढा.”

मी त्यांना लिंबू, पेला आणि आयुष्य समजावून सांगितलं. जसजसं सांगत गेलो तसतसा त्यांचा चेहरा बदलत गेला. माझ्यासमोर येऊन बसणाऱ्या क्लेमवाल्यांकडे बघताना माझा चेहरा कसा होत असेल, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. शेवटी त्यांनी अर्ज मागितला. अर्जाला हमीपत्र जोडायला लावलं. हमीपत्रावर कमिटीच्या तीन सभासदांच्या सह्या लागल्या, त्यातल्या एकाने सही करण्याआधी मला विचारलं, “वितळवणार नाही ना?” आणि एवढं सगळं झाल्यावर अट पडली की करंडक जितका वेळ बाहेर असेल तितका वेळ सेक्रेटरी स्वतः त्याच्याजवळ हजर राहतील.

तेव्हा मंगळवारी सकाळी आठ वाजता करंडक आणि सेक्रेटरी जोडीने आमच्याकडे आले. सेक्रेटरींनी खुर्ची ओढली, करंडकावर नजर लावली आणि चहात साखर कमी सांगितली.

लेकीने उजवीकडच्या दोन्ही खिडक्यांना काळा कागद चिकटवला. टेबलामागे काळं कापड टांगायचं होतं. त्याचं एक टोक तिने भिंतीतल्या खिळ्याला अडकवलं आणि दुसरं टोक उजवीकडे ओढून आणून आमच्या काचेच्या कपाटाच्या वरच्या लाकडी पट्टीला बांधलं. हे कपाट म्हणजे हिचा जीव की प्राण. कप, बशा, काचेचे पेले, लग्नात मिळालेला आणि कधीही न वापरलेला डिनर सेट. कपाटाच्या बाजूला टीव्ही. घरातल्या सामानाचा विमा मी अर्थातच उतरवलेला होता.

“ही गाठ कोणी मारली?” मी विचारलं.

“मी.”

“कसली गाठ आहे?”

“पक्की आहे, बाबा.”

पक्की आहे, हे वाक्य मी एकोणतीस वर्षं ऐकतोय. कुलूप पक्कं होतं, झाकण पक्कं होतं, फांदी पक्की होती. मी तिला दुहेरी गाठ मारायला सांगितलं, ती मारलेलीच होती. मग मी तिला माझ्यासमोर पुन्हा मारायला सांगितलं. तिने मारली आणि आईसारखी भुवई वर केली.

मंगळवारी ढग आले. उजेड मऊ झाला, पण फारच मऊ झाला, म्हणजे दिसेना. बुधवारीही तेच. मासा फ्रीजमध्ये गेला. मी रात्री पाणी प्यायला फ्रीज उघडला की तो माझ्याकडे एका डोळ्याने बघायचा, आणि त्या नजरेत मला स्पष्ट अविश्वास दिसायचा.

खिडक्यांवरचा काळा कागद बाहेरून सगळ्या इमारतीला दिसत होता. बुधवारी दुपारी शेजारच्या काकू वाटी परत द्यायच्या निमित्ताने आल्या. त्यांनी हुंगलं, कागदाकडे बघितलं, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “विकताय का?”

“काय?”

“फ्लॅट हो. घराचे असे फोटो लोक उगाच काढतात का? मला आधी सांगायचं की. माझा भाचा जागा बघतोय.”

मी म्हटलं, हे कलेसाठी आहे. काकूंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. “नका सांगू नसेल सांगायचं तर. पण मासा आधी उचला. गिऱ्हाईक वासाने जातं.” जाताजाता त्यांनी आमचा पॅसेज पावलांनी मोजला.

संध्याकाळी खाली भाजी घेताना मला दोघांनी विचारलं की आम्ही कुठे राहायला जाणार. एकाने तर इतक्या आपुलकीने विचारलं की मला क्षणभर आपण खरंच कुठेतरी जाणार आहोत असं वाटलं.

गुरुवार उजाडला तो स्वच्छ. सव्वाआठ झाले आणि डावीकडच्या खिडकीतून तो उजेड आला. खोटं कशाला बोलू, टेबल बदललं. लिंबाच्या सालीची कडा पिवळीजर्द झाली, पाव नुसता बघून भूक लागावी असा दिसायला लागला, आणि तीन दिवसांचा मासासुद्धा घरंदाज वाटला. लेक ट्रायपॉडवर लावलेल्या कॅमेऱ्यामागे वाकली. कॅमेरा दर पाच सेकंदांनी आपला आपण फोटो काढेल असा तिने लावला होता.

“कोणी हलू नका,” ती म्हणाली.

सेक्रेटरी खुर्चीत ताठ झाले. ही स्वयंपाकघराच्या दारात थांबली. मी कपाटाजवळ उभा होतो, बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या अर्ध्या पॅंटमध्ये, कारण तुम्ही चौकटीत नसणार असं मला लेखी नाही तरी तोंडी आश्वासन मिळालं होतं. हॉल शांत. कॅमेऱ्याची फक्त खट, पाच सेकंद, खट.

आणि माझी नजर गाठीवर गेली.

मी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं. लिंबाकडे बघितलं. पेल्याकडे बघितलं. पण तीन दिवस ती गाठ माझ्या डोक्यात बसली होती. सुटली तर? कापड पडेल, टेबलावर पडेल, करंडक लवंडेल, हमीपत्रावर माझी सही आहे. फक्त एकदा ओढून बघितली तर काय बिघडतं? अगदी हलकेच. मी हात वर नेला, कापडाचं टोक मुठीत धरलं आणि ओढलं. काही झालं नाही. नीट कळलं नाही म्हणून जरा जोरात ओढलं.

गाठ सुटली नाही. कपाट आलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. कपाट वाकलं. आतल्या काचा एकदम किणकिणल्या. कपाटासमोर लेक कॅमेऱ्याला डोळा लावून वाकलेली. मी ओरडलो, काय ओरडलो ठाऊक नाही. त्यानंतर धाडकन आवाज, आणि मी लेकीला मिठी मारून जमिनीवर. कपाट टीव्हीवर आडवं पडलेलं, डिनर सेट न वापरताच संपलेला. त्या शांततेत कॅमेरा पुन्हा म्हणाला, खट.

“करंडक ठीक आहे!” सेक्रेटरी म्हणाले.

लेकीला खरचटलंसुद्धा नव्हतं. मी तिचे हात, डोकं, पाय दोनदोनदा तपासले. मग ही धावत आली, तिने कपाटाकडे बघितलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, “काय झालं? कसं पडलं?”

आणि एकोणतीस वर्षांची नोकरी, चार नियम, निवृत्तीला राहिलेले पाच महिने, या सगळ्यासकट मी उभा राहिलो, बनियन झटकलं आणि म्हणालो, “आपोआप.”

इथवरही निभावलं असतं. पण लेक जमिनीवरून उठली, तिने त्या पट्टीला अजून बांधलेल्या काळ्या कापडाकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. “माझ्यामुळे झालं,” ती म्हणाली. “कापडाचं वजन. मी कपाटाला बांधायलाच नको होतं. बाबा, तुम्ही तीन दिवस सांगत होतात.”

मी तेव्हा बोलायला हवं होतं. बोललो नाही. उलट मी, माझी मलाच लाज वाटते, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मोठ्या मनाने म्हणालो, “असू दे. होतं असं.”

तिने कॅमेरा बंद केला, पिशवीत घातला आणि तो उघडून बघितलासुद्धा नाही. आईच्या कपबशांचे तुकडे गोळा करताना ती म्हणाली की आठवा फोटो राहू दे, सातच लावीन, नाहीतर तेही नको. कलादालनाचा फॉर्म तिने भरून ठेवला होता. त्यात शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मोठ्या फोटोची माहिती द्यायची होती. तो तिने पुस्तकाखाली सरकवला. मी ते बघितलं आणि चष्मा पुसत बाल्कनीत गेलो.

आता खरं तर मी क्लेम करायलाच नको होता. पण हिने विचारलं, “विमा आहे ना? मग?” आणि न करण्याचं कारण सांगायचं तर खरं सांगावं लागलं असतं. मी लेकीला फोनवर नुकसानीचे फोटो काढायला सांगितलं. तिने बिचारीने मन मारून काढले. पण हाताचं वळण कुठे जातं? काचांवर डावीकडून उजेड, मागे काळोख, आणि मध्ये एक फुटलेली बशी अशी पडलेली की बघणाऱ्याला आयुष्याबद्दल काहीतरी वाटावं. मी ते फोटो फॉर्मला जोडले. नवव्या रकान्याशी येऊन पेन थांबलं. मग मी लिहिलं, ‘आपोआप.’

शुक्रवारी अकरा वाजता बेल वाजली. दारात भिंग उभी होती.

भिंग म्हणजे आमच्या खात्यातली तपासनीस बाई. हे नाव तिला मीच दिलंय. नऊ वर्षांपूर्वी ती माझ्या हाताखाली आली, तेव्हा चारही नियम तिने एका दुपारी पाठ केले होते, आणि माझ्यानंतर माझी खुर्ची तिलाच मिळणार हे सगळ्यांना ठाऊक आहे.

“सर, सॉरी,” ती म्हणाली. “फाइल माझ्याकडे आली. उजेड फारच छान पडलाय.”

“माझी मुलगी फोटोग्राफर आहे.”

“हो सर. आणि नवव्या रकान्यात...”

“मला माहितीये मी काय लिहिलंय.”

ती आत आली. कपाट, टीव्ही, काचा, सगळ्याकडे तिने सावकाश बघितलं. मग टेबलाकडे बघितलं. टेबल आम्ही आवरलं नव्हतं, मासा सोडून सगळं तसंच होतं. वाळलेलं लिंबू, आडवा पेला आणि करंडक, आणि करंडक होता म्हणून सेक्रेटरीही होते.

“तुम्ही अपघाताच्या वेळी इथेच होतात?” भिंगने त्यांना विचारलं.

“अर्थात. ड्यूटीवर होतो.”

“काय बघितलंत?”

“करंडक.”

“कपाट पडताना तुम्ही करंडकाकडे बघत होतात?”

“मी मंगळवारपासून करंडकाकडेच बघतोय,” सेक्रेटरी अभिमानाने म्हणाले.

भिंगने वहीत काहीतरी लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली. नियम तिसरा. सेक्रेटरींचा चेहरा पडला. कशात तरी आपण अडकलोय एवढं त्यांना कळलं.

मग तिने टेबलाच्या कडेचं पुस्तक उचललं आणि खालचा कागद बाहेर आला. तिने तो वाचला. परत वाचला. “सर,” ती हळूच म्हणाली, “इथे तुमच्या मुलीने सही करून दिलंय की चौकटीतली प्रत्येक गोष्ट मी स्वतः रचली आहे.”

“तो कलादालनाचा फॉर्म आहे!”

“पत्ता हाच आहे. आठवडा हाच आहे.” तिचा आवाज खरोखर दुःखी होता. “मला यांचं नाव लिहावं लागेल.”

लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “लिहा,” ती म्हणाली. “माझ्यामुळेच पडलंय. गाठ मीच मारली होती. बाबांनी काही केलेलं नाही.”

आमच्या खात्यात एक यादी असते. तिच्यात ज्याचं नाव जातं त्याचा विमा पुढे कोणी उतरवत नाही, आणि नाव काढायची पद्धत अजून ठरलेली नाही. ती यादी मीच सुरू केली आहे.

भिंगने गुरुवारचे सगळे फोटो मागितले. लेकीने कॅमेरा दिला, स्वतः बघितलं नाही. भिंग एकेक फोटो पुढे सरकवत होती. टेबल. टेबल. टेबल. सगळे सारखेच, शांत, सुंदर, संशयास्पद. मग ती थांबली. तिने बोटांनी चित्र मोठं केलं. आणखी मोठं केलं. तीन सेकंद झाले, दहा झाले.

“सर, जरा इकडे या.”

टेबल जागच्या जागी होतं. लिंबू, पाव, द्राक्षं, सगळं निवांत. पण मधोमध करंडकाचं चकचकीत पोट होतं, आणि त्या पोटात आमचा अख्खा हॉल उतरला होता. वाकडं झालेलं कपाट. कॅमेऱ्यामागे वाकलेली एवढीशी लेक. आणि हवेत झेपावलेला, बनियन वर गेलेला, तोंड वासलेला, पट्ट्यापट्ट्यांच्या पॅंटमधला मी. मुठीत काळ्या कापडाचं टोक.

“हे टोक तुमच्या हातात कसं आलं, सर?”

खोटं बोलायला मला जागाच नव्हती असं नाही. पडताना धरलं, असं म्हणता आलं असतं. लोक म्हणतात, मी ऐकलंय. पण लेक माझ्याकडे बघत होती, आणि तिने कालपासून जे ओझं डोक्यावर घेतलं होतं ते माझं होतं.

“मी ओढलं,” मी म्हणालो. “मुलीच्या गाठीवर माझा विश्वास नव्हता. ओढून बघितली. सुटली नाही म्हणून आणखी ओढली. गाठ सुटलीच नाही. गाठ पक्की होती.” मग एवढ्यावर न थांबता मी लेकीकडे वळलो. “तुझा काही दोष नव्हता. मी कालच सांगायला हवं होतं. मला लाज वाटली.”

सेक्रेटरींनीसुद्धा करंडकावरची नजर काढून माझ्याकडे बघितलं.

“म्हणजे मी सांगितलं होतं ते बरोबर होतं,” लेक शेवटी म्हणाली.

“हो.”

“पक्की आहे म्हणून.”

“हो.”

“डिनर सेट!” ही म्हणाली. या घटनेवर हिचं मत अजून पूर्ण व्यक्त झालेलं नाही. ते हप्त्याहप्त्याने होत आहे.

भिंगने फॉर्म उलटला. नवव्या रकान्यातलं ‘आपोआप’ माझ्याकडून खोडून घेतलं, शेजारी सही घेतली आणि मी सांगितलं तसंच्या तसं लिहून घेतलं. मग ती बराच वेळ त्या वाक्याकडे बघत बसली.

“सर, इतकं मूर्ख कारण कोणी रचत नाही,” ती म्हणाली. मला वाटतं तिला हे कौतुक म्हणून म्हणायचं होतं. “चौकट बघा. नियम दुसरा. खऱ्या अपघातात एक तरी मूर्ख वस्तू असते.”

“कुठली?”

तिने कॅमेरा माझ्यापुढे धरला. मी पुन्हा त्या बनियनकडे बघितलं आणि ती वस्तू मला सापडली.

“आणि तिसरा,” ती म्हणाली. तिने चित्र आणखी मोठं केलं, इतकं की करंडकाच्या पोटात फक्त माझा चेहरा राहिला. “कपाट पडतंय, टीव्ही जातोय, एवढ्या काचा. तुम्ही एकाकडेही बघत नाही आहात, सर. तुम्ही फक्त मुलीकडे बघताय.”

लेक पुढे आली. तिने कॅमेरा भिंगच्या हातातून घेतला आणि खिडकीशी जाऊन एकटीच बघत उभी राहिली. पाठमोरी होती, त्यामुळे काय झालं ते दिसलं नाही. बऱ्याच वेळाने तिने फक्त हात मागे केला आणि बोटांनी खूण करून पेन मागितलं.

फाइल त्याच दिवशी बंद झाली. क्लेम नामंजूर झाला, कारण विमाधारकाने स्वतःच कपाट ओढलं असेल तर कंपनी काय करणार. हा नियमही माझाच. पण त्याखालच्या ओळीत भिंगने लिहिलं होतं, ‘संशय: नाही.’ नामंजूर आणि संशय नाही, हे दोन शेरे एका कागदावर मी एकोणतीस वर्षांत बघितलेले नव्हते. मी त्याची प्रत काढून घेतली.

प्रदर्शनाला आम्ही सगळे गेलो. सेक्रेटरी आले, त्यांनी ‘करंडक सोसायटीच्या सौजन्याने’ असं कुठे लिहिलंय ते आधी शोधलं आणि नाही म्हणून तक्रार केली. काकू भाच्याला घेऊन आल्या, आणि फोटोतला हॉल त्याला दाखवत म्हणाल्या, उजेड भरपूर आहे.

दारासमोरच्या भिंतीवर तो फोटो होता, दरवाजाएवढा. लांबून नुसतं जुनं चित्र वाटायचं. लोक जवळ जायचे, लिंबू बघायचे, पेला बघायचे, मग करंडकाशी वाकायचे आणि हसायला लागायचे. नंतर त्यातले काही हसायचे थांबायचे आणि आणखी वाकायचे. मी खांबामागे उभा होतो. अंगात इस्त्रीचा शर्ट होता, तरी मला उघडं उघडं वाटत होतं.

ही माझा हात धरून मला फोटोपाशी घेऊन गेली. खाली छोटी पाटी होती. कलादालनाच्या नियमाप्रमाणे चौकटीतलं काय काय रचलेलं आहे ते कलाकाराने लिहून द्यायचं असतं. लेकीच्या अक्षरात दोन ओळी होत्या:

‘सर्व काही रचलेलं आहे.
वडील सोडून.’

मी चष्मा काढला. रुमाल सापडेना. हिने तिचा दिला आणि विचारलं, “काय झालं?”

“काही नाही. पाणी आलं डोळ्याला.”

हिने माझ्याकडे बघितलं, मग पाटीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

“आपोआप?” ती म्हणाली.